कोरडं मोजणारा माणूस

एप्रिल महिन्यात, आभाळात बोटभर ढग नसताना, बदनापूरच्या आमच्या गल्लीत एक माणूस रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा.

दिगंबर ढवळे त्यांचं नाव. सगळ्यांचे ढवळे मामा. शेतकी फार्मवर ते हवामानाच्या नोंदी ठेवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तसंच एक पर्जन्यमापक आणून घरामागच्या मोकळ्या जागेत बसवलं. सिमेंटचा छोटा चौथरा, त्यावर हिरवट नळकांडं, तोंडाला पितळी कडा, आत नरसाळं, नरसाळ्याखाली बाटली. शेळ्या तोंड घालू नयेत म्हणून भोवती तारेचं कुंपण. मागच्या थंडीत मामा पुण्याला त्यांच्या मुलाच्या घरी गेले, म्हणजे वारले. त्यांच्यावर कुठं दोन ओळीही छापून आल्या नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

साडेआठला पाच मिनिटं असली की मामा हात धुवायचे आणि पंचानं चांगले कोरडे करायचे. "ओल्या हाताचा एक थेंब आत गेला तर तो आपला पाऊस झाला, आभाळाचा न्हाई." मग पितळी कडेवर दोन टिचक्या, नरसाळ्याला चिकटलेलं काही असेल तर खाली उतरावं म्हणून. मग बाटली काढून काचेच्या मापात ओतायची, उकिडवं बसून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि खालची कड वाचायची. कोरड्या दिवशीही यातलं काही चुकत नसे. रिकामी बाटली ते मापावर उलटी धरायचे, आणि तिच्यातून काहीच पडत नाही हे नीट पाहून मगच वहीत लिहायचे, शून्य पूर्णांक शून्य.

समोरच युसुफभाईंचं वेल्डिंगचं दुकान. ते रोज शटर उघडता उघडता मामांची खोडी काढायचे.

"मामा, सूरज आग ओकून राह्यला. तुम्ही काय मोजून राह्यले?"

"कोरडं."

"कोरडं मोजाया बाटली कशाला लागती? मला विचारत जा ना. मी सांगतो, बिलकुल कोरडं हाय."

"तू बाटली उघडून पाह्यली का?"

"न्हाई."

"मंग तू सांगू नको."

"तू पाह्यलं का?" हा मामांचा प्रश्न होता. भाजीवाली म्हणाली की मेथी आजचीच आहे, तरी तोच. कुणी म्हणालं की अमक्याची सून पळून गेली, तरी तोच. समोरचा गप्प झाला की मामा पुढं काही बोलायचे नाहीत. चिडवायचे नाहीत, उपदेशही करायचे नाहीत. त्या माणसाची ती गोष्ट त्यांच्यापुरती रिकामी राहायची, एवढंच.

शून्य आणि रिकामी जागा यांतला फरक मला त्यांनीच शिकवला. वहीत शून्य आहे, याचा अर्थ कुणीतरी तिथवर गेलं, उघडलं, पाहिलं आणि काही नव्हतं. रकाना रिकामा आहे, याचा अर्थ कुणी गेलंच नाही. पाऊस दोन्हीकडे दिसत नाही, पण एकात माणूस आहे आणि दुसऱ्यात नाही. बसल्या जागी शून्य भरणं हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा. "माहीत न्हाई म्हणायला लाज वाटती म्हणून लोकं शून्य लिहितात," ते म्हणायचे. हे ते माझ्याकडे बघून म्हणायचे, पण मला तेव्हा ते कळत नसे.

मी पत्रकांवर वाढले. वडील परतूरला असल्यापासून अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं छापून वाटत आले. आमच्या घरात धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त, आणि लहानपणी मी त्यांच्यावरच झोपायचे. सहा वर्षांपूर्वी आम्ही परतूर सोडून बदनापूरला आलो तेव्हा मला सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ होती. भिंतीपलीकडचे मामा मला पहिल्याच आठवड्यात पत्रकवाली म्हणायला लागले.

माझं स्वतःचं पहिलं पत्रक आठ पानी होतं. 'विश्वाला निर्माता लागत नाही' हे त्याचं नाव. छापायच्या आधी त्याखाली गावातल्या जाणत्या माणसांच्या सह्या घ्यायचं ठरलं. मामा विज्ञानाच्या नोकरीतले, कधी देवळात जाताना दिसले नव्हते. त्यांची सही मी धरूनच चालले होते.

त्यांनी पत्रक तीन दिवस ठेवून घेतलं. परत आलं तेव्हा समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. घड्याळाला घडवणारा लागतो म्हणून विश्वालाही लागलाच पाहिजे, हा युक्तिवाद फसवा आहे, असं मी लिहिलं होतं. त्यापुढं 'बराबर'. मग त्या निर्मात्याला कुणी निर्माण केलं, यापुढं दोनदा 'बराबर'. 'सबब निर्माता नाही' यापुढं, 'कुणी पाहिलं?' आणि शेवटी मी मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं, 'निर्माता नाही, म्हणून दोष द्यायलाही कुणी नाही. माणूस मोकळा आहे.' त्यापुढं काहीतरी लिहून रबरानं खोडलं होतं. मामा कधी खोडत नसत. चुकलं तर एक रेघ मारून पुढं लिहायचे. पण मी तेव्हा सहीच्या नादात होते.

"सही करा ना, मामा."

"म्हंजे शून्य लिहू?"

"हो."

"मी बाटली उघडली न्हाई, पोरी."

"मग आहे असं लिहा. तसं तरी लिहा."

"ते भी पाह्यलं न्हाई."

"म्हणजे तुम्ही दोन्हीकडून बोलणार."

"दोन्हीकडून गप बसणार. जागा सोडणार."

"ही पळवाट आहे, मामा." मी त्यांच्या अंगणात उभी राहून त्यांना हे म्हणाले होते. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि पळवाट हा माझा आवडता शब्द होता.

मामा हसले. "पळणारा माणूस रोज साडेआठला त्याच जागी येतो का?"

ही गोष्ट गावात पसरली. स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर कीर्तन करणारे एक महाराज नेहमी बसायचे. त्यांना फार आनंद झाला. मी वडिलांबरोबर तिथंच होते, मामाही चहा प्यायला आले होते.

"ढवळे, पोरीला बरी जागा दाखवली. म्हंजे तुम्ही मानता तर."

"न्हाई."

"बरं, पुरतं न्हाई मानत. किंचित तरी लिहा."

पावसाच्या वहीत 'किंचित' हा खरोखरीचा शेरा आहे. थेंब पडल्याचं दिसतं पण मापात येत नाही, अशा वेळी तो लिहितात. महाराजांना ते कुठून कळलं होतं कोण जाणे.

मामांनी बशी खाली ठेवली. "किंचित लिहायला भी बाटलीचा तळ ओला दिसावा लागतो, महाराज."

टपरी हसली, महाराजही हसले. मला मात्र राग आला होता. दोन्ही बाजूंना ना म्हणणारा माणूस मला तोवर भित्रा वाटायचा.

मामांच्या घरात भिंतीवर एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात. फोटोला हार नव्हता म्हणून मी समजत होते की ही मुलगी सासरी कुठंतरी असेल. एक दिवस दुपारी मामी गवार मोडत बसल्या होत्या. मी सहज विचारलं, "ही कुठं असते, मामी?"

मामींचे हात थांबले नाहीत. "हार घालू देत न्हाईत ते. म्हणून इचारती लोकं."

ती रेखा. त्यांची थोरली. एकोणीस वर्षांची, जालन्याला सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही इथं यायच्या पाच वर्षं आधीची गोष्ट, मामा अजून नोकरीत होते. मे महिन्यात ती सुट्टीवर आली होती. शेतात तुराट्यांचा ढीग उघड्यावर पडला होता. सकाळी मामा चप्पल घालत होते तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, आज पाऊस येईल का? तुराट्या आज आत टाकू का उद्या?"

मामा म्हणाले, "मी पडलेला मोजतो. पडणारा मला कळत न्हाई."

घरातलं रोजचंच वाक्य होतं. ती हसली. जेवून शेतात गेली. तीनच्या सुमाराला वारं सुटलं, आणि ढिगापाशी वीज पडली.

प्रेत तपासणीसाठी जालन्याला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अजून यायचं होतं. अंगणात माणसं बसली होती, बायका मामींना धरून होत्या. सव्वाआठला मामांनी भिंतीला लावलेली सायकल काढली. मामींच्या भावानं हँडल धरलं. "दाजी, पोरगी यायची हाय अजून." मामा म्हणाले, "साडेआठ होऊन राह्यले," आणि त्यांनी त्याचे हात एकेक करून सोडवले. फार्मवर गेले, हात धुतले, कोरडे केले, बाटली काढली आणि पाऊस मोजला. चार पूर्णांक दोन मिलिमीटर. नोंद करून परत आले, तेव्हा गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

"वर्षभर लोकं बोलले," मामी म्हणाल्या. "लेकीचं मढं यायचं अन् बाप पाऊस मोजाया गेल्ता. मी भी चार महिने त्यांच्याशी बोलले न्हाई. मंग एक दिवस इचारलं, कामून गेल्ते तुम्ही? तर म्हणले, ज्या पावसात ती गेली तो किती होता एवढं तरी मला कळाया पाह्यजे होतं. बाकी तर कुणीच काही सांगत न्हाई."

माणूस ज्ञानाच्या मागे का लागतो, यावर मी पुष्कळ वाचलं होतं. भीतीपोटी, कुतूहलापोटी, सत्तेपोटी. माझ्या पत्रकात त्याचा एक परिच्छेदच होता. त्या परिच्छेदात हँडलावरून मेहुण्याचे हात सोडवणारा बाप कुठंही नव्हता.

घरी येऊन मी ते पत्रक काढलं आणि खिडकीत तिरपं धरलं. 'दोष द्यायलाही कुणी नाही' यापुढं खोडलेली अक्षरं कागदावर दबलेली दिसत होती. दोनच शब्द होते. 'मी आहे.'

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी कुंपणापाशी गेले. त्यांची नोंद होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "मामा, शेवटची ओळ मी काढते."

ते काय ते समजले. मामींच्या दिशेनं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तुझं तुला बराबर वाटत असंल तर ठेव. माझ्यासाठी खोडू नको."

"मला बरोबर वाटत नाही."

बराच वेळ ते पितळी कडा पंचानं पुसत राहिले. "शून्य लिहिलं तर तिथं मी एकटाच उरतो, पोरी. सकाळी आभाळ मी पाह्यलं होतं. ढग चढून राह्यले होते. पण मोजल्याशिवाय बोलायचं न्हाई, ही माझी ऐट. अन् हाय म्हणून लिहिलं, तर त्याला इचारावं लागंल, तीच कामून. दोन्ही मला झेपत न्हाई."

"मग शोधता कशाला? सोडून द्या."

"पाऊस कुणासाठी पडत न्हाई. पण पडला, हे कुणीतरी पाह्यलं पाह्यजे. न्हाई तर पडून भी न पडल्यासारखा." मग म्हणाले, "माणसाचं भी तसंच हाय."

पत्रक त्यांच्या सहीशिवाय आणि त्या ओळीशिवाय छापलं. वडिलांनी विचारलं, ओळ कुठं गेली. मी म्हणाले, जागा पुरली नाही. माझं मत बदललं असं कुणी समजू नये. बाटली कोरडीच आहे असं मला आजही वाटतं, आणि रेखाच्या अंगणात बसून 'त्याची इच्छा' म्हणणाऱ्यांची मला आजही चीड येते. फक्त वाटणं आणि पाहणं यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात एक माणूस दहा वर्षं उकिडवा बसलेला होता.

दोन पावसाळ्यांमागे मामांनी मला हाक मारून बोलावलं. वही पुढं केली. एकाच तारखेला दोन नोंदी होत्या. आधी सहा पूर्णांक आठ, त्यावर रेघ मारून शून्य. त्या सकाळी त्यांनी पाऊस मोजला होता, पाणी ओतून दिलं होतं, आणि अर्ध्या तासानं विसरून पुन्हा बाटली उघडली होती.

"पाह्यलं बराबर होतं," ते म्हणाले, "पण मीच ओतून दिलेलं पाह्यलं." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "हे आता वाढणार. डॉक्टरनं सांगितलं. ऐक. ज्या दिवशी मी न पाहता लिहीन, त्या दिवशी ही वही माझ्याकडून काढून घ्यायची. मामीला जमणार न्हाई. संजूला कळणार न्हाई. तू पत्रकवाली हायस, तुला खोटं खपत न्हाई."

संजू म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याला नोकरीला. मी हो म्हणाले. किती पटकन हो म्हणाले ते आठवलं की आता तोंड लपवावंसं वाटतं.

पुढचं वर्ष मामा हळूहळू कमी होत गेले. आधी गल्लीतली नावं गेली. युसुफभाई शटर उघडताना हाक मारायचे, "मामा, आज किती?" आणि मामा त्यांच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं अदबीनं पाहायचे. युसुफभाईंनी चेष्टा सोडून दिली. साडेआठची वेळ मात्र मामांच्या अंगातच होती. घड्याळ न पाहता ते उठायचे.

एक दिवस मी त्यांच्या घरी बसले होते. मामा भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहिले.

"ही पोरगी कोण हो?"

मामी म्हणाल्या, "आपली रेखा."

"कुठं गेली?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "जालन्याला. कॉलेजात."

"हां," मामा म्हणाले, आणि समाधानानं पलंगावर जाऊन बसले. आयुष्यभर दिलासा देणाऱ्या खोटेपणाविरुद्ध लिहिणारी मी, तिथं बसून गवार मोडत राहिले.

त्याच आठवड्यात मी वही पाहिली. एप्रिल होता, फुफाटा उडत होता. आदल्या पानापर्यंत शून्यं नीट एकाखाली एक होती. मग एका तारखेला चार पूर्णांक दोन. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. पान भरून तोच आकडा, तेच वळणदार अक्षर. मुलगी गेली हे विसरलं होतं, मुलगीही विसरली होती, आणि तिचा पाऊस हातात राहून गेला होता.

वही त्याच दिवशी काढून घ्यायला हवी होती. मी शब्द दिला होता. मी रोज साडेआठला भिंतीपाशी जायचे, मामा कोरडी बाटली उलटी धरायचे, तिच्याकडे पाहायचे आणि मांडीवर वही घेऊन चार पूर्णांक दोन लिहायचे. मी परत यायचे. महिनाभर मी त्या वहीत खोटं लिहू दिलं.

मेच्या अखेरीला संजू न्यायला आला. त्या सकाळी मामींनीच वही माझ्या हातात ठेवली. "तुला सांगून ठेवलं होतं ना त्यांनी. घे आता. तिकडं नेऊन काय करायचं?" म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. दारात गाडी उभी होती, संजू पिशव्या ठेवत होता. मामा नवीन शर्टात पलंगावर बसले होते. मला वाटलं, आज ते उठणार नाहीत.

साडेआठला पाच मिनिटं असताना ते उठले. हात धुतले. पंचा बांधून ठेवलेला होता, म्हणून नव्या शर्टालाच हात पुसले, बोटांच्या मधूनसुद्धा. वही ठेवायच्या कोनाड्यात हात घातला, तो रिकामा लागला. ते वहीशिवायच मागे गेले. मी त्यांच्यामागून गेले. वही माझ्या ओढणीखाली होती.

कुंपणाचं फाटक उघडून ते त्या हिरवट नळकांड्यापाशी थांबले. बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग वळून, अनोळखी माणसाशी बोलावं तसं मला म्हणाले, "काय सुंदर ठेवलंय. हे कुणी ठेवलं इथं?"

"तुम्हीच ठेवलं, मामा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू पाह्यलं का?"

आम्ही बदनापूरला आलो तेव्हा चौथऱ्यावर शेवाळ धरलेलं होतं. मी काहीच पाहिलं नव्हतं. गल्लीनं सांगितलं ते मी धरून चालले होते.

"न्हाई, मामा."

"मंग सांगू नको," ते अगदी मायेनं म्हणाले. "जागा सोड."

बाटली काढून त्यांनी उलटी धरली. आम्ही दोघांनी पाहिलं. काही पडलं नाही. बाहेर संजूनं हॉर्न वाजवला. मामांनी बाटली आत ठेवली, नरसाळं बसवलं आणि पितळी कडेवर दोन टिचक्या मारल्या. नवीन थेंब कुठूनच यायचा नव्हता, तरी ते वाकून, कान लावून थोडा वेळ थांबले.